सव्वीस खिळे, सत्तावीस खिळे

शुक्रवार, ९ जानेवारी

२४ सप्टेंबरच्या पानावर मी एक खोटं वाक्य लिहिलं आहे. ते असं: ‘बाबा मध्ये चहाला आत गेले, तेवढ्यात खाली गेलेले रॉड त्यांच्या मोजणीतून सुटले असणार.’

बाबा चहाला आत गेले नव्हते. ड्रिलिंगच्या दोन्ही दिवशी आईने चहा अंगणात नेऊन दिला. रिकामा पेला कुंपणाच्या भिंतीवर पडून होता आणि संध्याकाळी तो मीच विसळला. त्याच्या तळाशी ड्रिलिंगची राखाडी धूळ बसली होती. म्हणजे हे मला तेव्हाही माहीत होतं. वाक्य खोडलं नाही. समासात आजची तारीख घालून ‘चूक’ असं लिहिलं.

आज विजेचं बिल आलं. गेल्या हिवाळ्यात कोळशाला जेवढे गेले त्याच्या दुप्पट, आणि घरात आई कोट घालून भाजी चिरते आहे. कोटाच्या बाह्या वर सरकत नाहीत म्हणून तिने त्यांना रबर लावलं आहे. मला बघून म्हणाली, “जमिनीतली ऊब आणणार होतीस ना? वाटेत कुठं उतरली का बघ.”

मी हसले नाही. मला इतका राग आला की बिलाच्या कडा दाबून दाबून फाटल्या. राग कुणाचा, ते अजून नीट लिहिता येत नाही.

सगळं मुळातून लिहिते, म्हणजे पुढे गोंधळ नको. हा पंप मी बसवायला लावला. अनुदान कार्यालयात माझ्या टेबलावर दोन वर्षं याच कामाचे कागद येतात. जमिनीत खोल बोअर मारायचे, त्यात नळी सोडायची, नळीतून पाणी फिरवून खालची ऊब वर आणायची आणि यंत्राने ती वाढवून घरभर द्यायची. बाबांना हे माझ्याआधी कळलं. म्हणाले, “विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, तसंच की.” खर्च चौदा लाख वीस हजार. त्यात नुसत्या बोअरचे सहा लाख, कारण बोअरचा दर मीटरमागे असतो: एकशेवीस मीटरचे दोन, मीटरला अडीच हजार. अनुदान पाच लाख. बाबांचा निवृत्तीचा फंड सात लाख, तो सगळा. बाकीचे माझे.

बाबांनी चाळीस वर्षं गोदामात पोती वाहिली. पाठीवर पोतं असताना आकडा डोक्यात राहत नाही, म्हणून प्रत्येक पोत्याला एक खिळा उजव्या खिशातून डाव्या खिशात. मजुरी पोत्यावर असायची आणि गोदामाचा कारकून कागदावर हमखास कमी लिहायचा. ड्रिलिंगची गाडी आली तेव्हाही बाबा त्याच सवयीने उभे राहिले. रॉड तीन मीटरचा. एक रॉड खाली, एक खिळा इकडून तिकडे. एकशेवीस मीटरला चाळीस रॉड जायला हवे होते. बाबा म्हणाले, पहिल्याला सव्वीस गेले, दुसऱ्याला सत्तावीस.

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर चाळीस आणि चाळीस लिहिलं होतं. घरच्यांच्या वतीने सही मी केली.


रविवार, ११ जानेवारी

ठेकेदार आला. तीन फोन केल्यावर आला आणि बूट न काढता थेट मागच्या खोलीत गेला, जिथे पूर्वी कोळसा असायचा आणि आता पंप आहे. पंपावरचा नारिंगी दिवा डिसेंबरपासून विझलेला नाही. जमिनीतून ऊब कमी पडली की यंत्र आतला विजेचा हीटर चालू करतं आणि तो दिवा लागतो. पुस्तिकेत चौदाव्या पानावर आहे. मी तीनदा वाचलं.

तो म्हणाला, “ताई, दिवा म्हणजे यंत्र मेहनत करतंय.”

आई म्हणाली, “मेहनत करणाऱ्याचं एवढं बिल येत नाही हो. ह्यांनी चाळीस वर्षं केली.”

तो मोठ्याने हसला. मग भिंतीवर बोटाने टकटक केलं. “घर जुनं आहे, काकू. भिंती ऊब पितात.”

मी विचारलं, “बोअर किती मीटर आहेत?”

“दाखल्यावर आहेत की. सही तुमचीच आहे, ताई.” आणि बाबांकडे वळून, “काका, मुलगी हुशार आहे हो तुमची.”

बाबा म्हणाले, “हो. आहे.” आणि खाली बघत राहिले.

चोर तो चोर, वर शिरजोर! तो गेल्यावर त्याच्या बुटांचे ठसे मी पुसले. पुसताना फरशीवर फडकं असं आपटत होते की आई म्हणाली, “फरशीनं काय केलंय?”

माझा राग बाबांवरही आहे. एक शब्द बोलले नाहीत. स्वतः मोजलं होतं ना?


बुधवार, १४ जानेवारी

ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकूंकडे गेले. निमित्त आईच्या कोटाचं होतं. त्यांच्याकडेही त्याच ठेकेदाराने ऑक्टोबरमध्ये पंप बसवला, त्यांची फाइल माझ्या टेबलावरून गेली आहे. काकू बोटं कापलेले हातमोजे घालून मशीनवर बसल्या होत्या.

“दिवा आहे का हो तुमच्याकडे? नारिंगी?”

“आहे ना. छान मंद आहे. त्याच्या उजेडात सुई ओवते मी.”

त्यांना गंमत वाटली. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. त्यांनी सोन्याच्या दोन बांगड्या मोडून पंप घेतला. मला म्हणाल्या, “तुझ्या घरी बसवलास, म्हणून मी धीर केला.”

आज दुपारी रजिस्टर काढून पाहिलं. या ठेकेदाराची अकरा घरं आहेत. अकराही दाखल्यांवर चाळीस आणि चाळीस, एकाच शाईत, एकाच वळणाचे. दहा मी तपासलेत. अकरावा आमचा. स्वतःच्या घराची फाइल मी तपासू नये असं मी स्वतः लेखी दिलं होतं, म्हणून तो हेडक्लार्क बाईंनी तपासला.

माझं काम काय, तर कागदावर मीटर लिहिले आहेत का ते बघणं. जमिनीत मीटर आहेत का, हे बघायचं काम कुणाचंच नाही. दोन वर्षांत मला ही गोष्ट एकदाही विचित्र वाटली नाही. मला पगार कशाचा मिळतो?


गुरुवार, १५ जानेवारी

बाबांशी भांडण. थोडक्यात लिहिते.

मी म्हटलं, तक्रार करू. ते म्हणाले, “सोड. गारठ्याची सवय आहे आपल्याला.”

“आईला आहे? रात्रभर खोकते ती.”

“तक्रारीत नाव कुणाचं लागेल?”

“तुमचं. घर तुमचं आहे.”

“आणि त्या दाखल्यावर?”

“माझी सही आहे.”

“मग सोड म्हटलं ना.”

मी म्हटलं, “तुमचा फंड गेला, बाबा! सात लाख! कुणी चांगल्या कपड्यातला माणूस आला की तुम्ही मान खाली घालता. आयुष्यभर तेच केलंत.” ते उठून अंगणात गेले आणि बर्फ नसलेली जागा खराट्याने झाडत राहिले.

बाबा भित्रे आहेत. हे वाक्य मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.


रविवार, १८ जानेवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मागच्या खोलीत पंपावरची धूळ पुसत होते. भिंतीतून आत येणाऱ्या चारही नळ्यांवर काळा फोम गुंडाळला आहे. एका नळीवरचा फोम वीतभर उकलला होता. आत काळी नळी आणि तिच्यावर बारीक पांढरे आकडे: ००१४. हातभर पुढे पाहिलं, ००१५. दर मीटरला आकडा छापलेला असतो! कारखान्यातूनच येतो. नळी अखंड असते, एका तोंडाने बोअरमध्ये उतरते, तळाशी वळते आणि दुसऱ्या तोंडाने वर येते. म्हणजे दोन्ही तोंडांवरचे आकडे वाचले की मधली लांबी घरात बसून कळते.

आईची भाजीची सुरी घेतली आणि दुसऱ्या तोंडावरचा फोम कापला. ०१८८.

बाबांना हाक मारली. त्यांनी काही न विचारता टेप आणला आणि बोअरपासून भिंतीपर्यंत अंतर मोजलं. आठ मीटर. मी फरशीवर खडूने गणित केलं. एकशेअठ्ठ्याऐंशीतून चौदा गेले, एकशेचौऱ्याहत्तर. जाताना आठ आणि येताना आठ गेले, एकशे अठ्ठावन्न. खोलीत वळवलेले दोन गेले, एकशे छप्पन्न. त्याचं अर्धं अठ्ठ्याहत्तर.

“तीनानं भाग,” बाबा म्हणाले.

सव्वीस.

दुसऱ्या बोअरचं गणित मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा खडू मोडला. एक्याऐंशी मीटर. सत्तावीस.

दोन बोअरचे मिळून एक्याऐंशी मीटर कमी. दोन लाख अडीच हजार त्याने न खोदलेल्या जमिनीचे घेतले. शिवाय उरलेले बारा लाखही वाया, कारण अर्धवट बोअरवर यंत्र जन्मभर असंच धापा टाकणार.

बाबा आत गेले आणि दोन मोजे घेऊन आले. जुने, टाचेला विरलेले, तोंडाशी सुतळी बांधलेले. “मोजून घे,” म्हणाले. मी खिळे फरशीवर ओतले. एकात सव्वीस. दुसऱ्यात सत्तावीस.

“तुम्ही हे सप्टेंबरपासून ठेवलेत? वेगवेगळे?”

“मोजे जुनेच होते.”

हे उत्तर झालं का?


मंगळवार, २० जानेवारी

रीतीप्रमाणे आधी हेडक्लार्क बाईंना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या केबिनमध्ये. फोम, आकडे, खिळे, सगळं. बाईंनी माझा हात हातात घेतला. माझा हात गार होता, त्या म्हणाल्या, “किती गार पडलीस ग.” ऑफिसात माझ्याकडे आईच्या मायेने बघणाऱ्या त्या एकट्याच.

म्हणाल्या, “एकोणतीसला तुझी कायम होण्याची फाइल आहे. एक तारीख उलटू दे, मग बघू काय ते. आत्ता काढलंस तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? दहा दाखले तू तपासलेस, अकराव्यावर तुझी सही. आणि नळीवरचे आकडे काय ग, छापताना चुकतात.”

मी म्हटलं, “पण तीस तारखेला ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सुटतो. आमचा आणि शिंपीणकाकूंचा. पैसे एकदा गेले की तक्रार दाखल करून घेत नाहीत.”

“आणखी कुणाला बोललीस हे?”

“नाही.”

“नको बोलूस.” डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी साडेसहाला ठेकेदाराचा फोन. “ताई, कायम होताय म्हणे! अभिनंदन! आणि तुमच्या नळीचा फोम सुटलाय ना, गुरुवारी माणूस पाठवतो. सगळं नवीन गुंडाळून देईल, आकडेबिकडे दिसणार नाहीत, नीट दिसेल.”

संतापून मी फोन ठेवून दिला. आता विचार करते आहे की फोमचं त्याला कळलं कसं. मी तर फक्त बाईंशी बोलले. केबिनचं दार नीट लागत नाही, बाहेर नक्की कुणीतरी ऐकत असणार. उद्या बाईंना सावध करायला हवं.


बुधवार, २१ जानेवारी

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हल्ली कुणाचा भरवसा नाही बघ.”

आज आणखी एक दुरुस्ती. २४ सप्टेंबरच्या पानावर चहाचं खोटं आहे, पण त्याहून मोठी गोष्ट तिथे लिहिलेलीच नाही.

त्या दिवशी अंगणात ठेकेदाराने दाखला पुढे केला. बाबा म्हणाले, “सव्वीस आणि सत्तावीस झाले. चाळीस कुठले?” ठेकेदार बाबांशी बोललाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा काकांना.”

आणि मला बरं वाटलं. हेच ते. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी, आणि बाहेरच्या माणसाने ते सगळ्यांसमोर म्हटलं. मी बाबांना म्हटलं, “बाबा, ही काही पोती नाहीत. यातलं तुम्हाला कळत नाही. मशीनला मीटर असतो.” मशीनला मीटर होता की नाही, मी पाहिलं नव्हतं. आजही माहीत नाही. ड्रिलिंगवाले हसले. मीही हसले.

बाबा म्हणाले, “साहेब म्हणतायत चाळीस, तर चाळीस.” नोकरी लागल्यापासून ते मला लाडाने साहेब म्हणत. त्या दिवसानंतर एकदाही म्हणाले नाहीत. इतके दिवस मला वाटत होतं, गंमत जुनी झाली असेल.

गोदामाचा कारकून कागदावर कमी लिहायचा. मी जास्त लिहिलं. बाकी फरक काय?


शनिवार, २४ जानेवारी

गुरुवारी फोम गुंडाळणारा माणूस खरंच आला. मी ऑफिसात होते. आई मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावून ओरडली, “आंघोळ करतेय!” तो बाहेर थांबला. तिने दोन तास आंघोळ केली, कोट घालून, बादली वाजवत. शेवटी तो गेला. आई सांगताना इतकी हसली की खोकला लागला आणि पाठ चोळून द्यावी लागली. खोकला थांबायला बराच वेळ लागला. त्या वेळात माझं ठरलं.

आज अर्ज लिहिला. तीनदा. पहिल्या खर्ड्यात ठेकेदाराचा अपराध पहिला होता आणि माझी सही चौथ्या परिच्छेदात. वाचताना कळलं की मी पुन्हा चहाचीच गोष्ट रचते आहे. आता पहिलं वाक्य असं आहे: ‘माझ्या वडिलांनी मोजलेला आकडा माझ्यासमोर असताना, स्वतः काहीही न मोजता, मी खोट्या दाखल्यावर सही केली.’ दुसऱ्यात तपासलेले दहा दाखले. मग नळ्यांवरचे आकडे, फोटोसह. मग अकरा घरं, आणि अकराही ठिकाणचा फोम उघडून बघावा ही मागणी. मग शेवटचा हप्ता थांबवावा ही.

बाबांना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं, पोत्याचं वजन ऐकावं तसं. मग म्हणाले, “पहिलं वाक्य काढ.”

“नाही काढणार.”

“नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

“मग कशाला शिकवलं तुला?” असे ओरडले की आई आतून आली. बाबा ओरडतात हे मी विसरले होते. “पाठ मोडली ती कशाला? माझा आकडा गेला खड्ड्यात! गारठा सोसला असता की!”

आई म्हणाली, “पुरे आता, सांगा तिला. तुझ्या नोकरीपायी गप्प होते ग ते. सप्टेंबरपासून. मला म्हणाले, पोरीची सही आहे, आपण तोंड उघडलं की तिचा गळा कापला जाईल.”

बाबा तोवर अंगणात गेलेही होते.

१५ जानेवारीचं पान काढलं. तिथे लिहिलेलं वाक्य समासात दुरुस्त करायला गेले. समास पुरला नाही. ‘चूक’ एवढंच लिहिलं आणि पेन कागदातून आरपार गेलं.

अंगणात जाऊन बाबांना म्हटलं, “आकडा खड्ड्यात गेला म्हणता, तो खड्ड्याचाच आकडा आहे. आणि मोजणारा साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे अर्जावर. मला पंपाचं काय ते कळतं, रॉडचं नाही. तुम्ही नसाल तर माझं कुणी ऐकणार नाही.”

त्यांनी हात पुसले. मग विचारलं, “अंगठा चालेल की सही?”

“सही करा. फंडाच्या वेळी शिकलात ना?”

“वेळ लागतो मला.”

“लागू दे.”

सहीला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं नाही, आईने बघितलं.

शिंपीणकाकूंकडचा फोमही आज दुपारी उकलला. त्यांचे बोअर आमच्याहून आखूड निघाले. काकूंनी हातमोजे काढून टेबलावर आपटले आणि त्यांनीही सही केली.

एकच शंका उरली होती. रीतीप्रमाणे हेडक्लार्क बाईंना आधी कल्पना द्यायला हवी. त्या इतक्या प्रेमाने वागतात, त्यांना डावलणं मनाला लागतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “गोदामात मोजणी चाललीय हे ओरडून सांगतात का?” मग दाराशी थांबून, “परवाच्या फोमचं तू त्यांनाच सांगितलं होतंस ना, साहेब?”

साहेब म्हणाले म्हणून मी इतकी गडबडले की प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

ठरलं ते असं. आमच्या ऑफिसचे संचालक मंगळवारी लोकांना भेटतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, कारण ‘खासगी’ असं लिहिलं आहे आणि ते खरं आहे. माझ्या टेबलावरून अर्ज पाठवणार नाही. बाहेरच्या दाराने जाऊन टोकन घेणार, बाकड्यावर बसणार, नंबर आला की बाबा आणि मी दोघं आत. माझी फाइल त्याच्या दोन दिवसांनी आहे. जे व्हायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर माझा खरा कागद असताना होऊ दे.

बाबांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. आईने खिशांकडे बोट दाखवलं. उजव्या खिशात सव्वीस, डाव्यात सत्तावीस, आणि दोन्ही ओझ्याने खाली ओढलेले.

मंगळवार, २७ जानेवारी. सकाळी दहा, टोकनची खिडकी उघडताच.